चारची गोळी आणि पाचची मिरवणूक : लूर्द यात्रेतल्या एका आजींचं प्रकरण

हे प्रकरण एका आजींचं आहे. वय ऐंशीच्या पुढे, पार्किन्सन्सचा आजार बराच जुना, घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. इंग्लंडमधल्या एका कॅथलिक धर्मप्रांताच्या वार्षिक लूर्द यात्रेत त्या आल्या होत्या. सोबत साठीतली लेक, जी गेली कित्येक वर्षं त्यांचं सगळं करते. मी त्या यात्रेत परिचारिकांच्या तुकडीत स्वयंसेवक होते. दोघींच्या संमतीने लिहिते आहे, पण ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्या आठवड्यात कुणी पडलं नाही, कुणाला रुग्णालयात हलवावं लागलं नाही. तरी हे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आजारी यात्रेकरूंबरोबर जाणाऱ्या स्वयंसेवकांना आपण उचलायला, ढकलायला आणि भरवायला शिकवतो. समोरच्या माणसाच्या शरीराचं घड्याळ वाचायला मात्र फारसं शिकवत नाही. या आजींच्या बाबतीत सगळं त्या घड्याळावरच अवलंबून होतं.

ज्यांनी लूर्द पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्सच्या नैऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, गाव्ह द पो नदीकाठी हे छोटं शहर आहे. १८५८ मध्ये ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात इथल्या मासाबिएलच्या गुहेत बर्नादेत सुबिरू या १४ वर्षांच्या गरीब मुलीला १८ वेळा पवित्र मरियेचं दर्शन झालं, आणि १८६२ मध्ये तार्बच्या बिशपांनी त्या दर्शनांना मान्यता दिली. पुढच्या दशकात आजाऱ्यांना घेऊन येणाऱ्या रेल्वेगाड्या सुरू झाल्या. स्टेशनवरून गुहेपर्यंत त्यांना न्यायचं कुणी, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. १८८५ मध्ये स्थापन झालेली 'ऑस्पितालिते नोत्र-दाम द लूर्द' ही स्वयंसेवकांची संस्था त्याच गरजेतून आली. आजही हे स्वयंसेवक प्रवास, राहणं, जेवण असा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करतात आणि वर पहाटेपासून राबतात.

आजारी यात्रेकरू बहुधा 'अकेय' नावाच्या निवासात उतरतात. आम्ही होतो ते अकेय नोत्र-दाम १९९७ मध्ये सुरू झालं. ते नदीच्या दुसऱ्या तीरावर आहे आणि पूल ओलांडला की गुहा. खाटा रुग्णालयासारख्या, पण हे रुग्णालय नव्हे. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, रात्रपाळी करणारी माणसं, सगळी प्रत्येक यात्रेने आपल्याबरोबर आणायची. आमच्या तुकडीत निवृत्त डॉक्टर होते, तशी सतरा-अठरा वर्षांची शाळकरी मुलंही होती.

काय घडलं

आजींची मुख्य गोळी लेवोडोपाची. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन कमी पडतं आणि ही गोळी ते भरून काढते, पण थोड्या वेळापुरतंच. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने शरीर मोकळं होतं, काही वेळ चालता-बोलता येतं, मग असर ओसरतो आणि शरीर पुन्हा आवळत जातं. आजार जुना झाला की हे चढ-उतार तीव्र होतात. म्हणून गोळीची वेळ पाळणं महत्त्वाचं. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णालयातही ही गोळी ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत मिळायला हवी.

घरी आजींच्या वेळा ७, ११, ३, ७ अशा होत्या. फ्रान्सचं घड्याळ इंग्लंडच्या एक तास पुढे. शरीराला गोंधळात टाकायचं नाही म्हणून आमच्या डॉक्टरांनी घरचंच घड्याळ चालू ठेवलं, म्हणजे तिथल्या वेळेनुसार ८, १२, ४, ८. निर्णय योग्य होता. अडचण दुसरीकडे होती. आल्या आल्या नियमाप्रमाणे सगळ्यांची औषधं जमा करून कुलूपबंद ट्रॉलीत ठेवली गेली. आजी घरी गजराच्या डबीतून स्वतःच्या हाताने गोळी घेत. ती डबीही ट्रॉलीत गेली.

पहिल्या पूर्ण दिवशी दुपारी बाराची गोळी जेवणाच्या ताटाबरोबर आली. ताटात मांस होतं. लेवोडोपा आणि प्रथिनं आतड्यात एकाच वाटेने शोषली जातात, त्यामुळे भरपेट मांसाहाराबरोबर घेतलेली गोळी निम्मीशिम्मीच लागू पडल्यासारखी होते. ती जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने द्यायची असते. साडेतीनला आमचा जथा खाली उतरला, कारण पाच वाजता परमपवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या पवित्र भाकरीची, मिरवणूक असते आणि त्यात आजाऱ्यांना आशीर्वाद मिळतो. आजाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवण्याची परंपरा जुनी आहे आणि आमच्या स्वयंसेवकांना तिचा रास्त अभिमान आहे. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, पांघरुणं, सगळं जागच्या जागी होतं. चार वाजता आजी हिरवळीवर रांगेत होत्या आणि त्यांची गोळी इमारतीत कुलपात होती.

सव्वापाचच्या सुमारास त्या दगडासारख्या झाल्या. हाताची बोटं मिटलेली, पापणी क्वचित लवते, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ, प्रश्नाला उत्तर नाही. जवळच्या तीन स्वयंसेवकांनी तीन अर्थ लावले. एकीला वाटलं, आजी प्रार्थनेत गढल्या आहेत. दुसऱ्याला वाटलं, झोप लागली. तिसरा घाबरला, त्याला पक्षाघाताची शंका आली आणि त्याने वॉकीटॉकीवरून आम्हाला बोलावलं. त्याने बोलावलं हे फार बरं झालं. लेक तिथे नव्हती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला कुणीतरी 'जा, जरा पड' म्हणून सांगितलं होतं आणि ती खोलीत झोपली होती.

चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या, दोन्ही हातांत सारखीच ताठरता होती, नाडी आणि रक्तदाब ठीक होता. औषधांच्या तक्त्यावर चारची खूण रिकामी दिसली तेव्हा उलगडा झाला. गोळी आणवून दिली, आजींना सावलीत नेलं. साडेसहानंतर बोटं सैल पडू लागली. सातच्या सुमारास आवाज फुटला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मला सगळं ऐकू येत होतं."

त्या दीड तासात त्यांच्या डोक्यावरून बरंच बोललं गेलं होतं, त्या समोर नाहीतच असं धरून. कुणी वाईट बोललं नाही. पण 'यांना काही कळत असेल का?' हा प्रश्न त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर विचारला गेला होता. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत, आवाज बारीक होतो, आणि उत्तर मनात तयार असलं तरी ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. त्याला लोक रुसवा समजतात, उदासी समजतात, बुद्धी गेली असंही समजतात. आजींची बुद्धी शाबूत होती. त्यांनी लगेच दुसरं वाक्य सांगितलं, आणि त्या वाक्यानेच पुढचा आठवडा बदलला. "मी पुढच्या रांगेत बसायला आले नाही. मला गुहेतल्या खडकाला हात लावायचा आहे. उभं राहून."

तरुणपणी नवऱ्याबरोबर त्या इथे आल्या होत्या आणि तेव्हा त्यांनी त्या खडकाला हात लावला होता. आमच्या अर्जात 'आजार', 'औषधं', 'उचलण्यासाठी लागणारी साधनं' यांना भरपूर जागा होती. 'तुम्ही कशासाठी येताय?' हा प्रश्न कुठेच नव्हता.

निर्णय

रात्री बैठक घ्यायची ठरली. यात्रेच्या डॉक्टरांनी एक गोष्ट फार चांगली केली. त्यांनी बैठक नऊ वाजता, आजींच्या खाटेशीच ठेवली, म्हणजे आठच्या गोळीने तोवर त्या बोलत्या होतील. लेक, फिजिओथेरपिस्ट, फादर, स्वयंसेवकांचे प्रमुख आणि दोन तरुण मुली एवढेच होतो.

पहिली गोष्ट औषधांची. गोळ्यांची डबी आजींच्या पर्समध्ये परत गेली, गजरासकट. दुपारच्या जेवणात प्रथिनं कमी, ती रात्रीच्या ताटात. डॉक्टरांनी तक्त्यावर लाल अक्षरांत एक ओळ लिहिली : मळमळ झाली तर मेटोक्लोप्रामाइड देऊ नये. उलटीवरचं हे नेहमीचं औषध बहुतेक पेट्यांत असतं. ते डोपामिनचा परिणाम अडवतं आणि पार्किन्सन्सच्या माणसाला आणखी जखडून टाकतं. प्रवासाने आणि उन्हाने मळमळणाऱ्या माणसाला रात्रपाळीत कुणीही चांगल्या हेतूने ते दिलं असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. चारची गोळी वेळेवर गेली तर पावणेपाच ते सहा-सव्वासहा हा आजींचा चांगला काळ. नेमका तोच मिरवणुकीचा. त्या वेळी बहुतेक यात्रेकरू मिरवणुकीकडे जातात आणि गुहेसमोरची गर्दी ओसरते. फिजिओथेरपिस्टने सुचवलं की खडकापर्यंत चालायचं असेल तर हीच वेळ. सकाळी गुहेत एकामागून एक मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचे मुख्य उपासनाविधी, असतात आणि मिस्सा चालू असताना आत जाण्याची वाट बंद ठेवतात. चांगला काळ रांगेतच संपला असता.

स्वयंसेवकांच्या प्रमुखांचा याला विरोध होता. त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं नोंदवते, कारण त्यात जिद्दीपेक्षा श्रद्धा जास्त होती. ते म्हणाले, "आजाऱ्यांचा आशीर्वाद हे लूर्दचं काळीज आहे. आजारी माणसाला त्यापासून दूर नेलं तर आपण तिला इथे आणलं कशाला?" पडण्याची भीतीही त्यांनी बोलून दाखवली. व्हीलचेअरवर सुरक्षित असलेल्या माणसाला आपण उठवतो आणि मांडीचं हाड मोडतं, मग घरच्यांना काय सांगायचं? फादर म्हणाले की कुठल्याही यात्रेकरूवर मिरवणुकीची सक्ती नाही. पण तिढा सोडवला आजींनीच. उद्या मिरवणुकीला जाईन, जागी राहून आशीर्वाद घेईन, आणि परवा पाच वाजता गुहेत. प्रमुखांनी मान डोलावली. व्हीलचेअर मागे आपण स्वतः धरू, एवढीच अट त्यांनी घातली.

लेकीचा प्रश्न वेगळा होता, आणि बैठकीत तो जवळजवळ निसटला असता. पार्किन्सन्सच्या माणसाला अंथरुणात कूस वळता येत नाही, म्हणून घरी ती रात्री तीन-चारदा उठते. इथे रात्रपाळीचे स्वयंसेवक ते करायला तयार होते, पण ती खोली सोडेना. शेवटी आजीच म्हणाल्या, "तूही यात्रेला आली आहेस ना?" ती रडली. त्या रात्रीपासून ती वेगळ्या खोलीत झोपली. मला विचाराल तर या आठवड्यात आम्ही केलेल्या कामांत हे सगळ्यात मोलाचं होतं. आजाऱ्याबरोबर येणारा माणूस हा तुकडीतला फुकटचा कर्मचारी नसतो, आणि कित्येकदा जास्त थकलेला तोच असतो.

खडकापर्यंत

मधल्या दिवशी ठरल्याप्रमाणे झालं. रांगेत चारला गजर वाजला, आजींनी गोळी घेतली, आशीर्वादाच्या वेळी त्यांनी स्वतः क्रूसाची खूण केली. त्याच दिवशी पाण्याचा विधीही होता. हात आणि चेहरा झऱ्याच्या पाण्याने धुवायचा आणि पाणी प्यायचं. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत पातळ पाणी सहज जातं. आम्ही झऱ्याचंच पाणी बाटलीत घेतलं, त्यात दाट करणारी पूड घातली आणि चमच्याने दिलं. कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या, वेळीही होस्टचा (त्या भाकरीचा) अगदी छोटा तुकडा द्यायचं फादरांशी आधी बोलून ठेवलं होतं. असे बदल आयत्या वेळी सुचत नाहीत, सुचले तरी घाईत चुकतात.

त्यानंतरच्या दिवशी पाच वाजता गुहेजवळ पोहोचलो. फिजिओथेरपिस्टने सगळ्यांना आधीच बजावलं होतं : ओढायचं नाही, समोरून दोन्ही हात धरून उलटं चालायचं नाही, पाय थिजले तर 'चला, चला' म्हणायचं नाही. पार्किन्सन्समध्ये पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजतात, विशेषतः दारात, अरुंद जागेत, वळणावर, माणसं दाटलेली असतील तिथे. अशा वेळी ओढलं की वरचं शरीर पुढे जातं आणि पाय मागे राहतात. तिथेच माणूस पडतो. करायचं एवढंच की थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्यायचं आणि ताल द्यायचा. बाहेरून मिळालेल्या तालावर ही पावलं पुष्कळदा सुटतात.

कमरेला आधाराचा पट्टा, एका बाजूला फिजिओथेरपिस्ट, दुसऱ्या बाजूला सतरा वर्षांची एक मुलगी, मागे प्रमुख व्हीलचेअर घेऊन. उठल्या उठल्या रक्तदाब उतरतो म्हणून आजी आधी मिनिटभर नुसत्याच उभ्या राहिल्या. मग पहिली पावलं बरी पडली. वाट खडकाशी अरुंद होते तिथे पाय थिजले. मागून दोघे-तिघे यात्रेकरू येत होते, त्यांना प्रमुखांनी हाताने थांबवलं. मुलीने 'एक-दोन, एक-दोन' सुरू केलं, पण जमेना. तेव्हा लेकीने 'नमो मरिये' ही मरियेची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, मोठ्याने, घरी जपमाळ म्हणतात त्या ठेक्यात. दुसऱ्या ओळीला आजींचा डावा पाय उचलला.

त्या खडकाला असंख्य हात लागून तो गुळगुळीत झाला आहे. आजींनी तळहात टेकला आणि तो तसाच ठेवला. किती वेळ ते कुणी मोजलं नाही. परत येताना त्या व्हीलचेअरमध्ये बसल्या. तेवढंच बळ होतं आणि ते जिथे खर्चायचं तिथे खर्च झालं होतं.

थोडी चर्चा

लूर्द म्हटलं की लोक बरं होण्याविषयी विचारतात. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेली प्रकरणं २०२५ पर्यंत ७२ आहेत, आणि १८८३ पासून तिथे डॉक्टरांचं कार्यालय अशा दाव्यांची तपासणी करतं. इतक्या वर्षांत तिथे आलेल्या आजाऱ्यांच्या मानाने हा आकडा फार लहान आहे. बाकी सगळे आपला आजार घेऊनच घरी परततात. स्वयंसेवकाचं काम या बाकी सगळ्यांसाठी आहे.

१९०३ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता तोमास्सी नावाचा इटालियन तरुण लूर्दला आला. सांध्यांच्या आजाराने शरीर वाकडं झालेलं, जीव द्यायचा म्हणून सोबत पिस्तूल आणलेलं. तो बरा झाला नाही. पण आजाऱ्यांजवळ बसणारी, त्यांना आधार देणारी माणसं पाहून त्याने ते पिस्तूल बरोबरच्या धर्मगुरूंच्या हवाली केलं, आणि परतल्यावर इटलीतल्या आजाऱ्यांना यात्रेला नेणाऱ्या 'उनितालसी' या संघटनेची सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १९५६ मध्ये डॉ. मायकेल स्ट्रोड यांनी अपंग मुलांना लूर्दला न्यायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या कामाची ओळखच अशी झाली की मुलांना रुग्णालयासारख्या जागेत न ठेवता साध्या हॉटेलात, छोट्या गटांत ठेवायचं. या दोन्ही गोष्टींत आजारी माणूस कुणाच्या तरी यादीतला एक रुग्ण उरत नाही. त्याला काय हवं आहे, हे कुणीतरी ऐकून घेतलेलं असतं.

आणि पार्किन्सन्सविषयी बोलताना ऑगस्ट २००४ विसरता येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे तेव्हा याच आजाराने जखडलेले होते आणि याच अकेय नोत्र-दाममध्ये उतरले होते, आजाऱ्यांमधला एक आजारी म्हणून. १५ तारखेच्या मिस्सेत प्रवचन वाचताना त्यांचा आवाज अडला आणि त्यांनी पोलिश भाषेत 'मला मदत करा' असं म्हटलं. त्यांना पाणी दिलं गेलं. वाचन मात्र त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं नाही, ते त्यांनी स्वतः पुरं केलं. परदेशातली ती त्यांची शेवटची यात्रा ठरली. आमच्या तरुण स्वयंसेवकांना मी हा प्रसंग सांगते, कारण मदत किती करायची आणि कुठे थांबायचं, हे त्यात स्पष्ट दिसतं.

पुढे काय बदललं, काय नाही

अर्जात आता दोन प्रश्न वाढले आहेत : तुमचा दिवसातला चांगला वेळ कोणता, आणि लूर्दमध्ये तुम्हाला एकच गोष्ट करता आली तर ती कोणती असावी? उत्तरं अगदी साधी येतात. कुणाला मेणबत्ती स्वतः पेटवायची असते, कुणाला रात्रीच्या मशाल-मिरवणुकीत व्हीलचेअर कुणी न ढकलता स्वतःची चाकं फिरवत जायचं असतं. एकाने लिहिलं होतं की मला कुणी न विचारता एक तास नदीकाठी सोडा. नव्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात आता उत्तरासाठी थांबण्याचा सराव असतो. प्रश्न विचारायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचं. बहुतेकांना ते फार लांबतं.

औषधांच्या ट्रॉलीचा प्रश्न सुटलेला नाही. जे घरी स्वतः गोळ्या घेतात त्यांच्याकडेच त्या राहू द्याव्यात, असं मला आणि यात्रेच्या डॉक्टरांना वाटतं. त्यासाठी आधी एक साधी पडताळणी करावी : डबी ओळखता येते का, गजर ऐकू येतो का, गोळी बाहेर काढता येते का. आमच्यातल्या दोन अनुभवी परिचारिकांचा याला विरोध आहे. एका खोलीत सहा-सहा खाटा असतात, शेजारच्या खाटेवर विसरभोळं माणूस असू शकतं, आणि उशाशी राहिलेली डबी चुकीच्या हातात पडली तर जबाबदारी कुणाची? त्यांचा मुद्दा खोटा नाही. सध्या कुलपाच्या पेट्या प्रत्येक खाटेला बसवता येतील का, आणि पार्किन्सन्स, मधुमेह, अपस्मार अशा वेळ चुकवून न चालणाऱ्या आजारांची यादी वेगळी काढून त्या यात्रेकरूंबरोबर दुपारी साडेतीन ते सात एक नर्स बाहेर ठेवता येईल का, यावर बोलणी चालू आहेत. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे, पण त्यासाठी मिरवणुकीच्या रांगेतून एक नर्स कमी करावी लागते. प्रमुखांनी त्याला होकार दिला आहे.